मनूची बॅट: इंच, ग्रॅम आणि पार्सलचा काटा

मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात निवडली गेली, की घरात दोन प्रश्न उभे राहतात. हा खेळ खेळतात कसा, आणि बॅट कोणती घ्यायची. पहिल्याचं उत्तर मैदानाच्या कडेला चार रविवार बसलं की मिळतं. दुसऱ्याच्या मागे मी जुलै २०२४ पासून जवळजवळ शाळेचं वर्ष संपेपर्यंत होते. दुकानदार, मेरठचा व्यापारी, अमेरिकेतला मामेभाऊ, शाळेचे क्लार्क असे सगळे या बॅटच्या निमित्ताने भेटले. आमच्यासारखे अजून पालक असतील म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे.

आम्ही जळगावचे. मी टपाल खात्यात काउंटरला असते. माझी मुलगी मनू तेव्हा आठवीत होती, उंची १४८ सेंटिमीटर, वजन ३८ किलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्रीडाशिक्षकांनी तिला १४ वर्षांखालील मुलींच्या संघात घेतलं आणि कागदांची यादी घरी आली: जन्मदाखल्याची प्रत, आधार, दोन फोटो, जनरल रजिस्टर क्रमांकासह मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा पात्रता अर्ज. जन्म १ जानेवारी २०११ किंवा त्यानंतरचा हवा. मनू एप्रिलची, त्यामुळे बसली. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, हे यादी हातात आल्याच दिवशी बघा. संघातल्या एका मुलीच्या आडनावात एक काना कमी होता आणि तिच्या बाबांचा अख्खा आठवडा त्यात गेला.

बॅटचा विषय यादीत नव्हता. शाळेच्या किटमध्ये दोन होत्या, त्यावर सगळ्या मुली खेळायच्या. सराव बघायला गेले तेव्हा मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण मनूचं काहीतरी बिनसतंय एवढं दिसत होतं. चेंडू यायचा, ती बॅट फिरवायची आणि चेंडू दरवेळी उजवीकडे, पहिल्या बेसच्या रेषेबाहेर जायचा. फाउल, पुन्हा फाउल, मग हुकून स्ट्राइक. मी सरांना म्हटलं, "नजर तपासून घेऊ का?" सर हसले. "नजर उत्तम आहे हो मॅडम, बॅटच वेळेवर पोचत नाहीये. उजव्या हाताची बॅटर उशिरा आली की चेंडू त्याच बाजूला जातो. तिचा मागचा कोपर बघा, चेंडू यायच्या आधीच खाली पडतोय. वजन पेलवत नाही."

शाळेच्या दोन्ही बॅटी ३४ इंची होत्या. नियमांत बॅटची कमाल लांबीच ३४ इंच आहे. मोठ्या, तयार खेळाडू वापरतात ती लांबी, आणि ती तेरा वर्षांच्या सगळ्या पोरींच्या हातात. एकीच्या बॅरलला, म्हणजे पुढच्या जाड भागाला, चांगला पोचाही आलेला होता. सरांची परवानगी घेऊन एक बॅट शनिवारी घरी आणली आणि सोमवारी ऑफिसात काउंटर बंद झाल्यावर पार्सलच्या काट्यावर ठेवली. ८५२ ग्रॅम. नियमाची कमाल मर्यादा ३८ औंस, म्हणजे १०७७ ग्रॅम. तेव्हा बॅट बेकायदा वगैरे नव्हती, फक्त मनूसाठी नव्हती.

घरात क्रिकेटचं राज्य. यांचं म्हणणं, सचिन जड बॅटनेच खेळायचा, जड बॅटने चेंडू लांब जातो, सवय होईल तिला. यावर दोनतीन रात्री जेवताना वाद झाला. मग मी वहीत हिशेब मांडला. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं, म्हणजे चेंडू टाकण्याचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३ मीटरच्या किंचित वर. चेंडू ताशी ७० किलोमीटरने आला तरी पाऊण सेकंदाच्या आत बॅटरसमोरच्या प्लेटवर असतो. तेवढ्यात चेंडू बघायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. त्यातून सॉफ्टबॉल नावालाच सॉफ्ट. बारा इंच घेराचा चेंडू १७८ ते १९८ ग्रॅम भरतो, क्रिकेटचा १६० च्या आसपास. जड बॅट वेळेत फिरली तर चेंडू लांब जाईल हे खरं, पण आधी ती वेळेत फिरायला हवी. हे ऐकून हे गप्प झाले. पटलं असं अजूनही म्हणत नाहीत.

मग दुकानं. बाजारात खेळाच्या सामानाची दुकानं पुष्कळ, सॉफ्टबॉलची बॅट मात्र विचारली की बेसबॉलची पुढे करायचे. एका दुकानात कोपऱ्यात बादलीभर बॅटी उभ्या होत्या, काळ्या, लाल, ड्रॅगनची चित्रं असलेल्या. मनूला लाल हवी होती. दुकानदार सज्जन होता, म्हणाला, "ताई, खरं सांगू? या खेळायला कोणी नेत नाही, गाडीत ठेवायला नेतात." ऑनलाइन बघितलं तर तिथेही तेच, बॅटच्या वर्णनात स्वसंरक्षण हा शब्द खेळाच्या आधी येतो. दुसऱ्या दुकानात ३४ इंची होती, १,४०० रुपये, आणि सल्ला फुकट: "वाढत्या अंगाची घ्या, कॉलेजपर्यंत चालेल." गणवेश दोन बोटं मोठा घेतला तर खाली दुमडता येतो. बॅट दुमडता येत नाही. मी नमस्कार करून बाहेर पडले.

बेसबॉलची बॅट ओळखायची युक्ती मात्र इथेच सापडली, आणि त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. सॉफ्टबॉलच्या बॅटचा व्यास जास्तीत जास्त सव्वादोन इंच असायला हवा. व्यास मोजायला अवघड, घेर सोपा: बॅरलचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा, १८ सेंटिमीटरच्या आत आला पाहिजे. त्या लाल ड्रॅगनवालीचा २१ भरला. मुठीच्या टोकाला नॉब, म्हणजे गोल गाठ, घट्ट हवा, ग्रिप निदान १० इंच लांब हवी, आणि ग्रिपवर विजेच्या कामाची गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळलेली चालत नाही. किटमधल्या बॅटींना तीच होती, सरांनी स्पर्धेआधी काढून टाकली.

आता लांबी. इंटरनेटवर अमेरिकन तक्ते भरपूर मिळतात, आणि त्यांचं आपसात जमत नाही. वयाच्या तक्त्यात १३ वर्षांच्या मुलीला ३१-३२ इंच. उंची आणि वजनाच्या तक्त्यात मनूच्या मापाला ३० किंवा ३१. वयाचा तक्ता मी बाजूला ठेवला. आपल्याकडे एकाच वर्गात १४० ची आणि १६२ ची मुलगी एका बाकावर बसते, वय सांगून काय कळणार? घरी मोजायच्याही दोन पद्धती दिलेल्या असतात. एकीत बॅट पायाशेजारी जमिनीवर उभी करायची आणि हात सरळ खाली सोडला की तळहात नॉबवर टेकला पाहिजे. मनूच्या बाबतीत हे गणित २६ इंचांवर येऊन थांबलं, म्हणजे सातआठ वर्षांच्या पोराची बॅट. मी सहज माझ्यावर आणि शेजारच्या दादांवर करून पाहिलं, सगळेच लहान मुलांच्या बॅटीचे निघालो. ती पद्धत सोडून द्या. दुसरी बरी आहे: नॉब छातीच्या मधोमध टेकवायचा, बॅट हाताच्या बाजूने आडवी धरायची आणि हात लांब केला की बोटं बॅटच्या टोकापाशी पोचायला हवीत. मनूचा छातीच्या मध्यापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात ७४ सेंटिमीटर. ३० इंच म्हणजे ७६. जवळपास जुळलं.

तरी सर म्हणाले, कागदावर ठरवू नका, हातात देऊन बघा. त्यांचा सल्ला पाळायला बॅटी कुठून आणायच्या? ऑगस्टच्या सुरुवातीला जिल्हा क्रीडा संकुलावर मोठ्या मुलींचा सराव चालायचा, तिथे सरांच्या ओळखीने गेलो. त्या पोरी फार चांगल्या. एकेकीने आपली बॅट काढून दिली: ३०, ३२, ३३. मनूने एका हाताने बॅट आडवी, खांद्याच्या रेषेत धरायची आणि मी मोबाइलवर वेळ लावायची. ३३ इंचीला पंधरा सेकंदांत टोक थरथरायला लागलं आणि ती ओठ चावत धरून राहिली, कारण मोठ्या मुली बघत होत्या. ३२ ला वीसेक सेकंद. ३० इंची अर्धा मिनिट स्थिर राहिली. मग टीवर, म्हणजे उभ्या दांड्यावर, चेंडू ठेवून मारायला लावलं. इथे बघायचं ते चेंडू किती लांब गेला हे नाही. अर्ध्यात फिरवणं थांबवता येतंय का ते बघायचं. सर मध्येच "थांब!" ओरडायचे. हलकी बॅट थांबायची, जड बॅट मनूला घेऊन पुढे जायची.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याच तक्त्यात दिसली नाही. होम प्लेट १७ इंच रुंद असते. बॅटिंगला उभं राहून, जागा न सोडता, बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकतं का? ३० इंचीने टेकलं, जेमतेम. त्याहून आखूड घेतली असती तर बाहेरचा चेंडू तिने नुसता बघितला असता. म्हणजे हलकी हवी म्हणून कितीही आखूड करत जायचं असंही नाही.

संकुलावरून परतताना मनू गप्प होती. मग म्हणाली, "आई, सगळ्या मला चिंटू बॅट म्हणतील." मी काही समजूत घातली नाही, पाणीपुरी खाल्ली आणि घरी आलो. काही गोष्टींना उत्तर नसतं.

३० इंची जळगावात मिळाली नाही, पुण्याच्या एका विक्रेत्याने फोनवर "साइज फुल आहे" असं सांगितलं. शेवटी मेरठचा एक व्यापारी सापडला. तिथे खेळाच्या सामानाचे कारखानेच आहेत, त्यामुळे ३०, ३२, ३४ तिन्ही होत्या. वजन विचारलं तर "मॅडम, लाइट है" हे उत्तर. लाइट म्हणजे किती? मी चिकाटीने म्हटलं, काट्यावर ठेवून फोटो पाठवा. आढेवेढे घेऊन त्याने पाठवला: ३० इंची ६१० ग्रॅम, ३२ इंची ७२०. दोन इंचांत शंभरावर ग्रॅमचा फरक बघून मला निर्णय सोपा झाला. बॅट १,१५० रुपये, कुरिअर १४०. आठवड्याभराने आली, मी परत आमच्या काट्यावर ठेवली, तर ६३४. फोटो ग्रिप लावायच्या आधीचा होता. हे लक्षात ठेवा: सांगितलेलं वजन आणि हातातलं वजन यात एक औंस इकडेतिकडे होतंच, छापील आकडा असलेल्या बॅटीतसुद्धा. काटा स्वयंपाकघरातला असला तरी चालेल.

ऑगस्टअखेर जिल्हा स्पर्धा झाली. मनू त्या बॅटने खेळली, चेंडू समोर जायला लागले, एवढंच सांगते. संघ पुढे विभागीयला गेला नाही. बॅटला कोणी चिंटू म्हटलं नाही, उलट आमच्याच संघातल्या तिघींनी ती सामन्यात मागून घेतली. सामना सुरू व्हायच्या आधी पंचांनी सगळ्या बॅटी ओळीत ठेवून पाहिल्या. पोचा असलेली शाळेची बॅट तिथेच बाजूला काढली. मुलीची भिस्त एकाच जुन्या बॅटवर असेल तर हे आदल्या दिवशी तपासून घ्या.

माझा मामेभाऊ टेक्ससला, डॅलसजवळ राहतो. त्याची मुलगी तिथे फास्टपिच, म्हणजे वेगवान चेंडूंचा सॉफ्टबॉल खेळते, आणि हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. सप्टेंबरात गणपतीच्या शुभेच्छांचा फोन चालू असताना विषय निघाला आणि त्याने मला अर्धा तास शिकवणी दिली. तिकडे बॅटवर "वजा दहा", "वजा अकरा" असं लिहिलेलं असतं. लांबी इंचांत, वजन औंसांत, दोन्हींतली वजाबाकी म्हणजे हा आकडा. ३१ इंची वजा अकरा म्हणजे २० औंस, सुमारे ५६७ ग्रॅम. आकडा जितका मोठा तितकी बॅट लांबीच्या मानाने हलकी. लहान मुली वजा अकरा, बारा, तेरा वापरतात, ताकद आली की दहा, नऊकडे सरकतात. माझी मेरठची बॅट या हिशेबात बसवली तर वजा आठच्याही आत आली. म्हणजे आम्ही हलकी म्हणून घेतलेली बॅट तिकडच्या मापाने जडच होती. ॲल्युमिनियमची साधी बॅट याहून हलकी करायला गेलं तर पत्रा पातळ करावा लागतो आणि त्याला लवकर पोचा येतो.

किंमत विचारली. साध्या ॲल्युमिनियमच्या ५०-१०० डॉलरना, कंपोझिटच्या, म्हणजे कार्बन धाग्यांच्या थरांच्या, चांगल्या ३०० च्या पुढे. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "ताई, विकत कशाला? हिची जुनी पडून आहे. ही आता ३३ ने खेळते." कुरिअरने नको म्हटलं, सीमाशुल्काचा आकडा कामामुळे मला रोज दिसतो. डिसेंबरात तो येणारच होता. बॅट विमानात केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्येच टाकावी लागते. ३१ इंच म्हणजे ७९ सेंटिमीटर, मोठ्या सुटकेसमध्ये तिरकी बसते. त्याने पंच्यात गुंडाळून आणली.

वापरलेली कंपोझिट बॅट घेताना काय बघायचं ते त्यानेच दाखवलं. बॅरल उजेडात धरून हळूहळू फिरवायचं, केसासारखी भेग दिसते का. नॉबकडून हलवायची, आत काही खुळखुळतं का. नाण्याने बॅरलवर सगळीकडे टकटक करायची. आवाज एकसारखा हवा, मध्येच बद्द वाजला तर आतला थर सुटलेला असतो. आमची ठणठणीत निघाली. बॅटवर यूएसए सॉफ्टबॉल या तिकडच्या संघटनेचा मान्यतेचा शिक्का होता. तरी सरांनी ती पुढच्या स्पर्धेआधी पंचांना दाखवून घेतली, कारण ऐन सामन्यात वाद नको.

काट्यावर ५९८ ग्रॅम. म्हणजे आधीच्या बॅटपेक्षा एक इंच लांब आणि छत्तीस ग्रॅम हलकी. पण खरी गंमत पुढे. मी दोन्ही बॅटी एका बोटावर आडव्या तोलून, नॉबपासून तो बिंदू किती लांब येतो ते टेपने मोजलं. मेरठची ४९ सेंटिमीटरवर तोलली, ही ४८ वर, लांबी जास्त असूनही. वजन टोकाकडे कमी, हाताकडे जास्त. फिरवताना जाणवतं ते हेच. दोन बॅटी काट्यावर सारख्या भरल्या तरी जिचं वजन टोकाला साचलेलं असतं ती हाताला जड लागते, आणि लहान मुलीला तर नक्कीच. दुकानात काटा नसेल, टेप नसेल, तरी बोट असतंच. तेवढं करून बघा.

मनूने ती पहिल्यांदा फिरवली तेव्हा चेंडू डावीकडे, तिसऱ्या बेसच्या बाहेर गेला. लवकर आली होती! सर म्हणाले, आता थांबायला शिक. आठवडाभर सराव करून हात बसला. गरज पडली तर ती आता बॅट बोटभर वर धरते, बंटला, म्हणजे चेंडू नुसता हलका अडवून टाकायचा असेल तेव्हा, दोन बोटं. बॅट किंचित लांब असेल तर अशी वर धरून वापरता येते. पण जड असेल तर वर धरून थोडंसंच भागतं.

कंपोझिटचे लाड करावे लागतात. थंडीत ती ठिसूळ होते, १५ अंशांच्या खाली वापरू नये म्हणतात. जळगावला थंडी कुठली, असं बाहेरच्यांना वाटतं, पण जानेवारीत पहाटे पारा १०-१२ वर येतो आणि सराव साडेसहाचा. त्यामुळे हिवाळ्याच्या सकाळी मेरठची, दुपारच्या सामन्याला टेक्ससची. मे महिन्यात ती बंद गाडीत ठेवायची नाही. दर फटक्यानंतर हातात थोडी फिरवून धरायची, म्हणजे एकाच जागी मार बसत नाही. मशीनचे खळगेवाले रबरी चेंडू तिने मारायचे नाहीत. एकूण खर्च: मेरठची बॅट आणि कुरिअर १,२९०, नवी ग्रिप १८०, भाच्यांसाठी केळ्याचे वेफर्स दोन किलो. वेफर्सचा हिशेब आईने केला.

राहिला प्रश्न संघातल्या बाकी मुलींचा. जानेवारीत आम्ही चार पालकांनी शाळेला अर्ज दिला, की नवीन बॅटी घेताना लहान मापाच्या घ्याव्यात. मुख्याध्यापक हो म्हणाले, पण तीन दरपत्रकं लागतात, खरेदी समितीची सही लागते, आणि सगळं मार्चअखेरच्या आत. क्लार्क म्हणाले, "बॅट म्हणजे बॅट, दरपत्रकात माप कशाला?" मी समजावलं: माप नाही लिहिलं तर तिन्ही दुकानदार ३४ इंचीचाच दर देतील, तीच सर्वांत सहज मिळते. मग अर्जात असं लिहिलं: सॉफ्टबॉल बॅट, ॲल्युमिनियम, बॅरलचा घेर १८ सेंमीच्या आत, ३० इंची दोन नग, ग्रिपसह वजन ६४० ग्रॅमपर्यंत, ३२ इंची एक नग, ७३० ग्रॅमपर्यंत, वजनाचा पुरावा जोडावा. एका दुकानदाराने वजन देता येत नाही म्हणून दरपत्रकच दिलं नाही, चौथ्याकडून आणावं लागलं. बॅटी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या, बिल मुख्याध्यापकांच्या नावे. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करताना क्लार्कनी स्वतःहून विचारलं, "मॅडम, इंच लिहू का ग्रॅम?" मी दोन्ही लिहायला सांगितलं.